व्यापारी इमारतींचे ऊर्जा-परीक्षण: वीज नेमकी जाते कुठे?

ऊर्जा संवर्धन अधिनियम, २००१ या केंद्रीय कायद्याने ऊर्जा-परीक्षणाची, म्हणजे रोजच्या बोलण्यातल्या ‘एनर्जी ऑडिट’ची, जी व्याख्या केली आहे तिच्यात ऊर्जावापराची पडताळणी, देखरेख आणि विश्लेषण यांच्याबरोबरच, वापर अधिक कार्यक्षम करण्याच्या शिफारशी, त्यांच्या खर्च-लाभाचा हिशेब आणि वापर घटवण्याचा कृती-आराखडा असलेला तांत्रिक अहवाल देणे हेही परीक्षणाचेच अंग मानलेले आहे. व्याख्येचा हा उत्तरार्ध प्रत्यक्षात फार वेळा विसरला जातो. अनेक कार्यालये, रुग्णालये, हॉटेले आणि मॉल यांच्यासाठी केलेले परीक्षण ‘जुने दिवे काढा, नवे लावा, जुनी एसी यंत्रे काढा, पाच तारांकित यंत्रे घ्या’ अशा यादीवर येऊन थांबते आणि अशी यादी तयार करण्यासाठी इमारतीत पाऊलही टाकण्याची गरज नसते. इमारतीत खर्च होणारी वीज ही तिथल्या उपकरणांच्या क्षमतेवर जितकी अवलंबून असते तितकीच, किंबहुना त्याहून अधिक, ती उपकरणे किती वेळ, कोणत्या भारावर आणि एकमेकांच्या कोणत्या परिणामाखाली चालतात यावर अवलंबून असते, आणि या गोष्टी मोजल्याशिवाय कळत नाहीत.

या कायद्यान्वये १ मार्च २००२ रोजी ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो, म्हणजे ‘बीईई’, ही केंद्रीय संस्था स्थापन झाली. परीक्षकांची राष्ट्रीय परीक्षा आणि प्रमाणपत्र, उपकरणांवरील तारे आणि इमारतींसाठीची ऊर्जा संवर्धन संहिता ही कामे तिच्याकडे आली, तर महाराष्ट्रात कायद्याच्या अंमलबजावणीसाठी पुण्याच्या महाऊर्जा, म्हणजे ‘मेडा’, या संस्थेची नियुक्ती झाली. इमारतींची संहिता २००७ मध्ये प्रथम आली, २०१७ मध्ये ती सुधारून अधिक कडक करण्यात आली आणि २०२२ च्या कायदा-दुरुस्तीने तिची व्याप्ती निवासी इमारतींपर्यंत वाढवण्याची वाट मोकळी केली. १०० किलोवॉट जोडभार किंवा १२० केव्हीए करारमागणी हा तिचा उंबरठा आहे. मात्र अशी संहिता मुख्यतः नव्या बांधकामाला बांधून ठेवते. जी इमारत वीस-तीस वर्षांपूर्वी उभी राहिली, जिच्या गच्चीवरचे कूलिंग टॉवर गंजले आहेत आणि जिच्यातील भाडेकरू तीनदा बदलले आहेत, तिच्यासाठी परीक्षण हाच सुधारणेचा खरा मार्ग उरतो.

परीक्षणाच्या साधारण तीन पायऱ्या मानल्या जातात. पहिली पायरी म्हणजे बिले पाहून आणि इमारतीतून एक फेरी मारून केलेली प्राथमिक पाहणी. दुसरी म्हणजे यंत्रणांचे प्रत्यक्ष मापन करून प्रत्येक सुधारणेचा खर्च आणि बचत मांडणारे सविस्तर परीक्षण. आणि तिसरी म्हणजे ज्या आकड्यांच्या भरवशावर बँक कर्ज देऊ शकेल किंवा कंपनी मोठी गुंतवणूक करू शकेल इतक्या काटेकोरपणे केलेले, अनेकदा संगणकावर संपूर्ण इमारतीचे प्रतिरूप उभारून केलेले परीक्षण. पहिल्या पायरीवरच्या अंदाजांना तिसऱ्या पायरीचे वजन देणे ही या क्षेत्रातली नेहमीची आणि महागात पडणारी चूक आहे.

सुरुवात एका साध्या भागाकाराने होते. वर्षभरात वापरलेली युनिटे भागिले बांधीव क्षेत्रफळ म्हणजे ऊर्जा निर्देशांक, ज्याला परीक्षक ‘ईपीआय’ म्हणतात. समजा, मुंबईतील एक कार्यालय-इमारत ५,००० चौरस मीटरची आहे आणि तिचा वार्षिक वापर ९ लाख युनिटे आहे, तर तिचा निर्देशांक १८० येतो. बीईईने २००९ मध्ये कार्यालय-इमारतींसाठी जी तारांकन योजना सुरू केली, तिच्यात उष्ण-दमट हवामानातील आणि निम्म्याहून अधिक भाग वातानुकूलित असलेल्या इमारतीला १७५ ते २०० या निर्देशांकासाठी एक तारा आणि १०० पेक्षा कमी निर्देशांकासाठी पाच तारे ठेवले होते, म्हणजे ही काल्पनिक इमारत एका ताऱ्यावर येते. हा आकडा उपयुक्त आहे, परंतु एकट्याने तो दिशाभूलही करतो, कारण तीन पाळ्यांत चालणाऱ्या कॉल सेंटरचा निर्देशांक संध्याकाळी सातला बंद होणाऱ्या कार्यालयापेक्षा जास्त असणारच. म्हणूनच बीईईने बीपीओ इमारतींसाठी वापर चालू तासांनी भागणारा वेगळा निर्देशांक ठरवला.

यानंतर परीक्षकाने पाहायची गोष्ट म्हणजे वीजबिल, आणि तेही किमान बारा महिन्यांचे. व्यापारी ग्राहकाच्या बिलात युनिटांच्या आकाराखेरीज मागणी आकार असतो, जो महिन्यातील सर्वांत मोठ्या मागणीवर बेतलेला असतो. ही मागणी क्षणाची नसून साधारणतः १५ किंवा ३० मिनिटांच्या सरासरीची असते, त्यामुळे सकाळी नऊ वाजता दोन्ही चिलर (वातानुकूलनासाठी पाणी थंड करणारी यंत्रे), सर्व एएचयू (मजल्यांवर थंड हवा फिरवणारी यंत्रे) आणि पाण्याचे पंप एकदम सुरू करणाऱ्या इमारतीला त्या अर्ध्या तासाची किंमत महिनाभर मोजावी लागते. दुसरी बाब पॉवर फॅक्टरची आहे. मोटारी, चोक आणि ट्रान्सफॉर्मर यांना प्रत्यक्ष काम करणाऱ्या विजेबरोबर चुंबकीय क्षेत्र उभे करण्यासाठीही वीजप्रवाह लागतो, आणि काम करणाऱ्या विजेचे एकूण ओढलेल्या विजेशी असलेले प्रमाण म्हणजे पॉवर फॅक्टर. १ एप्रिल २०२० पासून महावितरणच्या उच्चदाब ग्राहकांचे बिल केडब्ल्यूएचऐवजी केव्हीएएच या एककात होऊ लागले, म्हणजे ०.९ पॉवर फॅक्टरवर ९०,००० युनिटे वापरणाऱ्या ग्राहकाला एक लाखाचे बिल येते. त्यात मागे रेंगाळणारा आणि पुढे धावणारा असे दोन्ही प्रकारचे प्रवाह मोजले जातात, ही गोष्ट पुष्कळ इमारतींना उशिरा कळते. दिवसाचा भार पाहून बसवलेले स्थिर कपॅसिटर रात्री भार नसतानाही जोडलेले राहिले, तर तेच बिल वाढवू लागतात, म्हणून भारानुसार आपोआप कमी-जास्त होणारे पॅनेल आवश्यक ठरते.

परंतु बिलापेक्षाही बोलका कागद म्हणजे मीटरमधून उतरवलेला अर्ध्या-अर्ध्या तासाच्या भाराचा आलेख, आणि जो परीक्षक तो मागत नाही त्याच्या अहवालाविषयी शंका घ्यायला हरकत नाही. वर उल्लेखिलेल्या इमारतीत कामाच्या दिवशी दुपारी भार २५० किलोवॉटपर्यंत जातो आणि रविवारी पहाटे तीन वाजता, जेव्हा आत पहारेकऱ्याशिवाय कोणी नसते, तेव्हाही तो ६० किलोवॉट असतो असे समजू. वर्षाचे ८,७६० तास असतात आणि त्यांपैकी कार्यालय सुमारे २,७६० तास चालते, म्हणजे उरलेल्या ६,००० तासांत ६० किलोवॉटप्रमाणे ३ लाख ६० हजार युनिटे जातात, जी एकूण वापराच्या तब्बल ४० टक्के आहेत. हा पायाभार शोधत जावे तसा उलगडत जातो: सर्व्हर रूम आणि गरजेपेक्षा थंड ठेवणारे तिचे एसी, कोणीतरी कधीतरी ‘उशिरापर्यंत काम आहे’ म्हणून टायमरमधून काढलेला आणि परत न जोडलेला एएचयू, वाहनतळातील पंखे, रिकाम्या मजल्यांवरचे वॉटर कूलर, जिन्यातले दिवे, आणि अगदी कमी भारावर चालणारे दोन ट्रान्सफॉर्मर. ट्रान्सफॉर्मरला भार नसतानाही गाभ्यातील चुंबकीकरणापोटी काही वीज लागते. हा निर्भार ऱ्हास दीड किलोवॉट असला तरी वर्षाला १३ हजारांहून अधिक युनिटे होतात. पायाभारातील एक-तृतीयांश जरी बंद करता आला, तरी वर्षाला १ लाख २० हजार युनिटे वाचतात, आणि त्यासाठी लागणारी भांडवली रक्कम अनेकदा काही टायमर आणि एका जबाबदार माणसापुरतीच असते. नव्या यंत्रांच्या किमतींची चर्चा सुरू होण्यापूर्वी ही गोष्ट व्हायला हवी.

दिव्यांविषयी फार लिहिण्याची गरज नाही, कारण तो प्रश्न बऱ्याच अंशी सुटलेला आहे. तांब्याच्या चोकसह पन्नास वॉटच्या पुढे जाणारी जुनी ४० वॉटची ट्यूब आणि तिच्या जागी बसणारी २० वॉटच्या आसपासची एलईडी ट्यूब यांचा हिशेब कोणालाही करता येतो. दोन गोष्टी मात्र ध्यानात ठेवाव्यात. टेबलावरचा उजेड ‘लक्स’ या एककात मोजून मगच दिव्यांची संख्या ठरवावी, कारण पुष्कळ मार्गिकांमध्ये लेखनाच्या टेबलाला पुरेल इतका उजेड विनाकारण पडलेला असतो. आणि वातानुकूलित जागेत दिव्याची जवळजवळ सारी वीज अखेरीस उष्णताच होत असल्यामुळे तिथला एक वॉट वाचला की एसीचाही सुमारे पाव ते एक-तृतीयांश वॉट वाचतो, हे हिशेबात धरावे.

खरा प्रश्न वातानुकूलनाचा आहे, आणि तिथेच परीक्षकाचे कौशल्य पणाला लागते. मोठ्या इमारतीत चिलर नावाचे यंत्र पाणी थंड करते, ते पाणी पंपांनी मजल्या-मजल्यावरच्या एएचयूकडे जाते, तिथल्या नळ्यांवरून पंखे हवा फिरवतात, आणि खोल्यांतून गोळा झालेली उष्णता शेवटी गच्चीवरच्या कूलिंग टॉवरमधून बाहेर टाकली जाते. चिलरची क्षमता टनांत सांगतात. एक टन म्हणजे ताशी ३,०२४ किलोकॅलरी किंवा ३.५१७ किलोवॉट उष्णता काढून घेण्याची क्षमता. एका टनामागे किती किलोवॉट वीज लागते हा चिलरच्या प्रकृतीचा खरा निदर्शक आहे आणि तो काढणे अवघड नाही. पाण्याचा प्रवाह नळीबाहेरून लावायच्या अल्ट्रासॉनिक मीटरने मोजावा, आत येणाऱ्या व बाहेर जाणाऱ्या पाण्याचे तापमान घ्यावे, आणि ताशी घनमीटर प्रवाहाला अंशांतील फरकाने गुणून ३.०२४ ने भागावे. ताशी ९० घनमीटर पाणी १२ अंशांवर आत येऊन ८ अंशांवर बाहेर पडत असेल तर चिलर सुमारे ११९ टनांचे काम करत आहे. त्या वेळी तो १०७ किलोवॉट ओढत असेल तर टनामागे ०.९ किलोवॉट पडतात. पाण्याने थंड होणारा चांगला चिलर हे काम ०.६५ च्या आसपास करू शकतो, म्हणजे सुमारे ३० किलोवॉट वाया जात आहेत.

या टप्प्यावर ‘चिलर बदला’ असे लिहिणे सोपे असते, पण योग्य असतेच असे नाही. कंडेन्सरच्या नळ्यांवर क्षार बसले असतील, कूलिंग टॉवरमधील जाळ्या तुंबल्या असतील, त्याच्या पंख्याचा पट्टा सैल असेल किंवा तापमान दाखवणारा सेन्सरच चुकत असेल. टॉवरमधून बाहेर पडणारे पाणी हवेच्या आर्द्र तापमानापेक्षा, म्हणजे ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या तापमापीवरील तापमानापेक्षा, तीन-चार अंशांनी वर असेल तर टॉवर ठीक समजावा. सात-आठ अंशांचा फरक असेल तर दोष चिलरचा नसून टॉवरचा आहे आणि औषध लाखांचे नसून हजारांचे आहे.

पंपांचीही अशीच कथा असते. आराखड्यात जाणाऱ्या आणि येणाऱ्या पाण्यात साडेपाच अंशांचा फरक धरलेला असतो आणि प्रत्यक्षात तो अडीच निघतो, याचा अर्थ तेवढीच उष्णता वाहून नेण्यासाठी दुपटीहून अधिक पाणी फिरवले जात आहे. पंपापुढचा व्हॉल्व अर्धा बंद करून ठेवलेला दिसला की तो पंप गरजेपेक्षा मोठा आहे, हे अनुभवी परीक्षक मोजण्याआधीच ओळखतो. पंप आणि पंखे यांची वीज ही वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते, म्हणून वेग ८० टक्क्यांवर आणला तर वीज तत्त्वतः निम्म्यावर, नेमके सांगायचे तर ५१ टक्क्यांवर येते. वेग कमी-जास्त करणाऱ्या व्हीएफडी या उपकरणाचे सारे महत्त्व या घन-नियमात आहे. तरीही कित्येक इमारतींत व्हीएफडी बसवलेला असतो आणि तो ५० हर्ट्झवर, म्हणजे पूर्ण वेगावर, हाताने कायमचा स्थिर केलेला असतो, आणि यादी तयार करणारे परीक्षण त्याला ‘व्हीएफडी आहे’ असे लिहून पुढे जाते.

मुंबई, कोकण आणि गोव्याच्या इमारतींत यात दमटपणाची भर पडते. तिथे एसीचे काम हवा थंड करण्याइतकेच तिच्यातील बाष्प काढण्याचे असते. गरजेपेक्षा मोठे यंत्र बसवले तर ते काही मिनिटांत ठरवलेले तापमान गाठून कॉम्प्रेसर बंद करते, बाष्प मात्र हवेतच राहते, लोकांना चिकट वाटते, कोणीतरी रिमोटवर २४ ऐवजी १९ करतो आणि शेजारच्या टेबलावरची व्यक्ती शाल घेऊन बसते. केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने एका अंशामागे सुमारे ६ टक्के वीज वाचते असे सांगितले आहे आणि १ जानेवारी २०२० पासून तारांकित रूम एसी सुरू होताच २४ अंशांवर असणे बंधनकारक झाले आहे, पण दमटपणा काढला नाही तर २४ अंशांचा आग्रह टिकत नाही. बाहेरची ताजी हवा किती घ्यायची हा याच प्रश्नाचा दुसरा भाग आहे. माणसांच्या श्वासातून वाढणाऱ्या कार्बन डायऑक्साइडची पातळी मोजून झडपा उघडणारी व्यवस्था असेल तर रिकाम्या सभागृहासाठी पावसाळ्याची ओली हवा कोरडी करत बसावे लागत नाही. रुग्णालयाच्या शस्त्रक्रियागृहात हवेचे बदल ठरावीक संख्येने व्हायलाच हवेत आणि तिथे काटकसरीचा विचार गैर आहे; शस्त्रक्रिया नसतानाच्या तासांत मात्र, दाब आणि स्वच्छता राखून, पंख्यांचा वेग कमी करता येतो.

सुधारणांचा क्रम किती निर्णायक असतो याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण न्यूयॉर्कच्या एम्पायर स्टेट बिल्डिंगचे आहे. १९३१ मध्ये पूर्ण झालेल्या या १०२ मजली इमारतीचे ऊर्जा-नूतनीकरण २००९ मध्ये जाहीर झाले, तेव्हा चिलर बदलून मोठे बसवण्याचा विचार पुढे होता. त्याऐवजी आधी भार कमी करण्याचे ठरले. ६,५१४ खिडक्यांच्या दुहेरी काचा काढून इमारतीतच थाटलेल्या कार्यशाळेत त्यांच्यामध्ये उष्णता अडवणारी फिल्म आणि वायू भरण्यात आला, रेडिएटरच्या मागे उष्णता परतवणारे पडदे बसवले गेले आणि दिव्यांची व नियंत्रणांची व्यवस्था सुधारली गेली. शीतकरणाचा भार सुमारे १,६०० टनांनी घटेल असा हिशेब निघाला, त्यामुळे चिलर बदलण्याऐवजी आहेत तेच दुरुस्त करून भागले आणि त्यातून वाचलेला पैसा खिडक्यांकडे वळवता आला. एकूण ३८ टक्के ऊर्जाबचत आणि वर्षाला ४४ लाख डॉलर हे त्या योजनेचे उद्दिष्ट होते. उलट क्रमाने काम झाले असते तर मोठे चिलर आधी आले असते आणि खिडक्यांसाठी पैसाही उरला नसता, कारणही उरले नसते. महाराष्ट्रात खिडक्यांच्या जागी पश्चिमेकडची उघडी काच, छज्जा नसलेली भिंत आणि तापलेली गच्ची असते. बाहेरून सावली, काचेवर योग्य फिल्म आणि गच्चीवर पांढरा लेप किंवा जुन्या पद्धतीचा चायना मोझॅक हे उपाय चिलरच्या निविदेआधी विचारात घेतले पाहिजेत.

मुंबईतील १९७२ सालच्या गोदरेज भवनाचे २०१० मध्ये झालेले नूतनीकरण भारतात बरेच अभ्यासले गेले आहे, पण ती इमारत ज्यांच्या मालकीची होती तेच ती वापरतही होते. भाड्याने दिलेल्या इमारतींत मात्र चिलर मालकाचा, बिल भाडेकरूचे, अशी वाटणी असते. मालकाने खर्च केला तर बचत भाडेकरूच्या खिशात जाते आणि तीन वर्षांच्या करारावर आलेला भाडेकरू पाच वर्षांत फिटणारा खर्च करत नाही. गाळेधारकांच्या संकुलांत सामाईक वीज देखभाल-आकारात विरघळून जाते आणि ती कोणाचीच राहत नाही. यावर तांत्रिक उपाय नाही. मजलावार उपमीटर आणि बचतीची वाटणी लिहून ठेवणारा भाडेकरार हाच उपाय आहे.

बचतीचा करार करायचा तर बचत सिद्ध करावी लागते, आणि ती मोजता येत नाही, कारण जी वीज वापरलीच गेली नाही तिच्यावर मीटर लावता येत नाही. म्हणून सुधारणेपूर्वीच्या वर्षाचा वापर आधाररेषा म्हणून ठरवतात, हवामान, कामाचे तास आणि माणसांची संख्या यांतील बदलांनुसार तिच्यात दुरुस्ती करतात आणि नव्या वापराशी तिची तुलना करतात. यासाठी आयपीएमव्हीपी ही आंतरराष्ट्रीय पद्धती जगभर वापरली जाते. ‘एस्को’ म्हणजे ऊर्जासेवा कंपन्या स्वतः गुंतवणूक करून बचतीतून ती वसूल करतात त्या याच आधारावर. केंद्र सरकारी उपक्रमांनी २००९ मध्ये स्थापलेली ईईएसएल ही अशीच संस्था आहे. आधाररेषा कराराआधी उभयपक्षी मान्य झाली नाही तर नंतरचे वाद अटळ असतात. अहवालातील बेरजेबाबतही सावध राहावे लागते: २० टक्के वाचवणाऱ्या दोन सुधारणा मिळून ४० टक्के नव्हे, तर ३६ टक्केच वाचवतात, कारण दुसरी सुधारणा उरलेल्या ८० टक्क्यांवर काम करते.

रुग्णालयाचे विश्वस्त, हॉटेलचे मालक किंवा व्यापारी संकुलाची समिती परीक्षकाला काम देणार असेल, तर कार्यादेशातच चार गोष्टी लिहून घ्याव्यात: वर्षभराचा अर्ध्या तासाचा भार-आलेख आणि रविवारच्या पहाटेचा पायाभार अहवालात स्वतंत्रपणे उलगडलेला असावा, चिलर, पंप आणि कूलिंग टॉवर यांचे प्रत्यक्ष मापन झालेले असावे आणि नामपट्टीवरचे आकडे मापन म्हणून खपवले जाऊ नयेत, बिनखर्ची उपाय आधी, भार घटवणारे उपाय त्यानंतर आणि यंत्रबदल शेवटी अशा क्रमाने शिफारशी याव्यात, आणि एक वर्षानंतर परत येऊन तीच मोजमापे पुन्हा घेण्याची जबाबदारी परीक्षकाच्या शुल्कात धरलेली असावी. या चार अटी मान्य न करणाऱ्याला काम देऊ नये.